आमच्यावर प्रयोग करा!

मराठी माणसाचं 'प्रयोग' या शब्दाशी मोठं मजेशीर नातं आहे. नाटकाचा प्रयोग म्हटलं की आपण तिकीट काढून, वर गजरा-बिजरा घेऊन जातो. शाळेतल्या प्रयोगवहीच्या आठवणीने गळा दाटून येतो. बायकोने स्वयंपाकात प्रयोग केला तर (घाबरत का होईना) पहिला घास आपणच घेतो. पण हाच शब्द हॉस्पिटलमध्ये ऐकू आला की आपला चेहरा बदलतो. "आमच्यावर प्रयोग करता काय? आम्ही काय उंदीर आहोत?"

ही भीती खोटी नाही. तिला कारणं आहेत आणि त्यांच्याकडे मी नंतर येणारच आहे. पण या वीकेंडला मला नेमकी उलटी बाजू मांडायची आहे. आपल्यावर प्रयोग होतात ही आपली अडचण नाहीये. आपल्याला हवे असलेले प्रयोग आपल्यावर होत नाहीत, ही अडचण आहे.

आता उदाहरण. एमएस.

आपल्या जमातीत एमएस म्हटलं की एक तर मायक्रोसॉफ्ट आठवतं, नाहीतर अमेरिकेत जाऊन करायची डिग्री. मी म्हणतोय तो एमएस म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस. मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांवर एक आवरण असतं, मायलिन नावाचं. विजेच्या वायरवर प्लॅस्टिकचं वेष्टण असतं ना, साधारण तसं. एमएसमध्ये शरीराची स्वतःची रोगप्रतिकारयंत्रणाच या वेष्टणावर हल्ला करते. ज्या वायरचं वेष्टण गेलं तिचं काम बिघडलं. कधी डोळ्याची नस, कधी पायाची, कधी लघवीवरच्या ताब्याची. बहुतेकांना हा आजार वीस ते चाळीस या वयात गाठतो आणि पुरुषांपेक्षा बायकांना जास्त. म्हणजे ज्या वयात आपण होमलोन घेतो, त्या वयात.

माझी मावसबहीण होटगीला असते. होटगी म्हणजे सोलापूरच्या पुढचं, पंधराएक किलोमीटरवरचं जंक्शन. बहुतेकांनी ते फक्त गाडीच्या खिडकीतून पाहिलेलं असतं. ताईला हा आजार आहे. आधी एका डोळ्याने धूसर दिसायला लागलं, तेव्हा चष्म्याचा नंबर बदलला. महिन्याभरात आपोआप बरं वाटलं. वर्षाने पाय बधिर झाला, तेव्हा 'मणक्यात गॅप' निघाली. मग बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं. मग मावशीने देवाला बोलून झालं. एमआरआय होऊन आजाराला नाव मिळेपर्यंत तीन वर्षं गेली. यात मी कुणा एका डॉक्टरला दोष देत नाही. हा आजार येतोच मुळी असा, वेगवेगळे कपडे घालून.

नाव कळल्यावर दाजींचा पहिला प्रश्न होता, "हा तर गोऱ्या लोकांचा आजार म्हणतेत, आमच्या होटगीत कसा काय आला?"

प्रश्न अगदी बरोबर आहे! कित्येक दशकं वैद्यकशास्त्रही असंच म्हणत होतं. विषुववृत्तापासून जितकं लांब जावं तितका एमएस जास्त, असा जगाचा नकाशा होता आणि भारत त्यात जवळजवळ कोरा होता. त्या कोऱ्या जागेवर पहिल्यांदा ठळक ठिपका उमटला तो आपल्या मुंबईत. १९८० च्या दशकात भरुचा, वाडिया वगैरे मुंबईच्याच न्यूरॉलॉजिस्टांनी पारशी समाजाची पाहणी केली. तिचा निष्कर्ष १९८८ साली 'न्यूरॉलॉजी' या नियतकालिकात आला. पारशांमध्ये एमएसचं प्रमाण लाखामागे वीसच्या घरात होतं आणि बाकीच्या भारतात तेव्हा लाखामागे एखादा रुग्ण धरला जात होता. शहर तेच, हवा तीच, ऊन तेच. म्हणजे नुसत्या उन्हाने आणि अक्षांशाने हिशेब लागत नाही. पुढे मंगळूर शहरात अशीच पाहणी झाली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत एमएसचं प्रमाण लाखामागे आठच्या वर निघालं, आणि ते पारशी नव्हे, सर्वसाधारण लोकांमध्ये. आजार अचानक वाढला असेल असं नाही. एमआरआय मशीनं आली आणि लोक मोजायला लागले. जे मोजलंच जात नाही ते 'आपल्याकडे नसतं', हा नियम फक्त सॉफ्टवेअरमधल्या बग्जना लागू नाही.

आता मूळ मुद्दा. या आजाराला औषधासाठी चाचण्या कशाला लागतात? ताईला एक औषध द्या, बरं वाटलं तर चालू ठेवा. सोपं!

इथे आपल्या धंद्यातला अनुभव कामाला येतो. सगळ्यात त्रासदायक बग कुठला? जो अधूनमधून येतो आणि आपोआप जातो तो. अशा बगवर तुम्ही काहीही करा, ते 'चालतं'. सर्व्हर रिस्टार्ट केला, बग गेला. केबल बदलली, बग गेला. मशीनला हार घातला, तरी बग गेला! कारण तो जाणारच होता. आणि तुम्ही काहीतरी करता ते कधी? बग सगळ्यात जास्त छळत असतो तेव्हा. म्हणजे त्यानंतर बरं वाटण्याचीच शक्यता जास्त.

एमएसचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार तंतोतंत असा आहे. झटका येतो, काही आठवड्यांनी ओसरतो, मग काही महिने किंवा वर्षं शांतता. त्यामुळे या आजारात 'मला अमक्याने गुण आला' या वाक्याला पुरावा म्हणून जवळपास शून्य किंमत आहे. सांगणारा खोटं बोलत नसतो. त्याला खरंच गुण आलेला असतो. पण तो अमक्यामुळे आला का, हे त्यालाही माहीत नसतं, डॉक्टरलाही नसतं.

म्हणून मग आंधळी कोशिंबीर. रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे. एकाला नवं औषध, दुसऱ्याला जुनं किंवा नुसती तशीच दिसणारी गोळी. कोणाला काय मिळतंय हे रुग्णालाही सांगायचं नाही आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही नाही. दोन वर्षांनी पट्टी सोडायची आणि मोजायचं. एमएसवरच्या पहिल्या औषधाला, म्हणजे इंटरफेरॉन बीटाला, अमेरिकेत १९९३ साली मान्यता मिळाली ती अशाच चाचणीनंतर. त्याआधी झटके कमी करणारं असं सिद्ध झालेलं औषधच नव्हतं. आज वेगवेगळी वीसेक औषधं आहेत. ही तीस वर्षांची कमाई या आंधळ्या कोशिंबिरीची आहे.

आणि हा खेळ न खेळता काय होतं तेही आपण पाहिलंय. २००९ साली इटलीतले डॉक्टर पाओलो झांबोनी यांनी मांडलं की एमएसचं मूळ मानेतल्या शिरा तुंबण्यात आहे, आणि त्या फुगा घालून मोकळ्या केल्या की रुग्ण सुधारतात. त्यांच्या स्वतःच्या पत्नीला एमएस होता, त्यामुळे माणूस तळमळीचा होता यात शंका नाही. इंटरनेटवर व्हिडिओ फिरले. जगभरातून रुग्ण पैसे गोळा करून शिरा मोकळ्या करून घ्यायला धावले आणि भारतातल्याही काही खासगी हॉस्पिटलांनी परदेशी रुग्णांसाठी पॅकेजं काढली. मग रीतसर चाचण्या झाल्या. काही रुग्णांची शीर खरोखर मोकळी केली, काहींची नुसती केल्यासारखी दाखवली. कॅनडातल्या १०४ रुग्णांच्या चाचणीचा निकाल २०१८ साली छापून आला. फरक शून्य! त्याच्या आदल्याच वर्षी खुद्द झांबोनींनी केलेल्या चाचणीतही फायदा दिसला नव्हता, आणि तो निकाल त्यांनी स्वतःच्या नावावर प्रसिद्ध केला. मला त्यांचं हे दुसरं काम पहिल्यापेक्षा मोठं वाटतं.

बरं, फक्त भोळ्या कल्पनाच पडतात असंही नाही. बायोटिन हे साधं जीवनसत्त्व प्रचंड मोठ्या मात्रेत दिल्यावर वाढत्या एमएसमध्ये काही रुग्ण सुधारतात, असं १५४ जणांच्या फ्रेंच चाचणीत २०१६ साली दिसलं. २०२० साली ६४२ जणांवरची मोठी चाचणी आली आणि फायदा नाहीसा झाला. वर ही गोष्ट लक्षात आली की एवढ्या बायोटिनमुळे थायरॉईडसारख्या रक्ततपासण्यांचे आकडेच चुकीचे येतात. सिमवास्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची जुनी स्वस्त गोळी. २०१४ साली १४० रुग्णांवरच्या ब्रिटिश चाचणीत तिने मेंदूचं आकसणं बऱ्यापैकी कमी केलेलं दिसलं. सगळ्यांनी आशा लावली. मग ९६४ रुग्णांवर मोठी चाचणी झाली, २०२४ साली निकाल आला : अपंगत्व रोखण्यात उपयोग नाही. मला स्वतःला हा निकाल वाचून वाईट वाटलं होतं. इतकी स्वस्त गोळी, चालली असती तर! पण चालली असती आणि चालली यात चाचणीपुरतं अंतर असतं.

इथपर्यंत सगळे मान डोलावतील. आता जरा वादाचा भाग.

चाचणी म्हणजे निसर्गाला विचारलेला प्रश्न. हा प्रश्न विचारायला प्रचंड पैसा लागतो. आणि ज्याचा पैसा, त्याचा प्रश्न. यात कट-कारस्थान काही नाही. माझ्या प्रोजेक्टमध्ये कुठलं फीचर आधी करायचं हे कोण ठरवतं? क्लायंट. मग औषधांचं वेगळं का असेल?

रिटुक्सिमॅबची गोष्ट सांगतो. हे मुळात रक्ताच्या कर्करोगाचं (लिम्फोमाचं) औषध, अमेरिकेत १९९७ साली मान्य झालेलं. ते रक्तातल्या 'बी' पेशी काढून टाकतं. २००८ साली १०४ एमएस रुग्णांवरच्या चाचणीत त्याने कमाल केली. मेंदूतले नवे डाग नव्वद टक्क्यांहून जास्त कमी झाले. पुढची पायरी मोठी चाचणी, मग मान्यता. बरोबर? पण झटके येणाऱ्या एमएससाठी ती मोठी चाचणी कंपनीने रिटुक्सिमॅबवर केलीच नाही. त्याचं पेटंट संपायला फार वर्षं उरली नव्हती. मोठ्या चाचण्या झाल्या त्या त्याच्याच धाकट्या भावावर, ऑक्रेलिझुमॅबवर. तो २०१७ साली अमेरिकेत बाजारात आला, वर्षाला ६५,००० डॉलर या किमतीला. औषध उत्तम आहे, त्याबद्दल वाद नाही. पण मोठा भाऊ त्याच कामाचा आहे का, हा प्रश्न तसाच पडून राहिला.

तो उचलला स्वीडनने. तिथल्या न्यूरॉलॉजिस्टांनी सरकारी संशोधनाच्या पैशातून २०० रुग्णांवर चाचणी केली. निम्म्यांना रिटुक्सिमॅब, निम्म्यांना डायमिथाइल फ्युमरेट नावाच्या मान्यताप्राप्त गोळ्या. २०२२ साली निकाल छापून आला. दोन वर्षांत झटका आलेल्यांचं प्रमाण गोळ्यांच्या गटात १६ टक्के आणि रिटुक्सिमॅबच्या गटात ३ टक्के. पुढच्या वर्षी, जुलै २०२३ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने आवश्यक औषधांच्या यादीत एमएसची औषधं पहिल्यांदाच घातली. ग्लॅटिरॅमर, क्लॅड्रिबिन आणि रिटुक्सिमॅब. तिसऱ्याला एमएससाठी रीतसर मान्यता नसतानासुद्धा!

आता यातला आपला भाग ऐका. रिटुक्सिमॅबची जगातली पहिली स्वस्त प्रतिकृती कुठे तयार झाली? हैदराबादला. डॉ. रेड्डीज कंपनीने २००७ साली ती बाजारात आणली, मूळ औषधाच्या साधारण निम्म्या किमतीला. ग्लॅटिरॅमरची प्रतिकृती हैदराबादच्याच नॅटकोने बनवली, आणि २०१७ साली ती मायलनमार्फत अमेरिकेच्या बाजारातही मान्य झाली. म्हणजे औषध बनवायची अक्कल आपल्याकडे आहे. ते विकत घेण्याची गरज आपल्याला सगळ्यात जास्त आहे. आपले न्यूरॉलॉजिस्ट वर्षानुवर्षं रिटुक्सिमॅब एमएससाठी वापरतातही, कारण रुग्णाला दुसरं परवडत नाही. ताईलाही तेच चालू आहे. आणि तरी 'हे स्वस्त औषध खरंच चालतं का' हा मोठा प्रश्न पंधरा वर्षं आपण विचारला नाही. तो एका कोटीभर लोकसंख्येच्या श्रीमंत देशाने विचारला. उत्तर मात्र आपण फुकट वापरतोय.

"मग काय बिघडलं? उत्तर मिळालं ना?" असं तुम्ही म्हणाल. बिघडलं ते सांगतो.

होटगीहून विजापूर-गदगकडे जाणारी लाईन कित्येक दशकं मीटरगेज होती आणि मुंबई-चेन्नईची लाईन ब्रॉडगेज. एका लाईनचा डबा दुसरीवर जात नसे. माल उतरवायचा आणि पुन्हा भरायचा. वैद्यकीय निष्कर्षांचंही असंच असतं. स्टॉकहोमचा निष्कर्ष थेट आपल्या रुळांवर धावेलच असं नाही.

एक उदाहरण. एमएससारखाच दिसणारा एनएमओ नावाचा आजार आहे, डोळ्याच्या नसेवर आणि मज्जारज्जूवर मुख्यतः हल्ला करणारा. आशियात डोळा-मणका असाच त्रास असलेल्या कित्येकांना आधी एमएसच म्हणत. २००४ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी त्याची रक्तातली खूण शोधली आणि तो वेगळाच आजार असल्याचं स्पष्ट होत गेलं. पुढे हेही लक्षात आलं की एमएसचं पहिलं औषध, इंटरफेरॉन बीटा, एनएमओच्या रुग्णाची तब्येत बिघडवू शकतं! मंगळूरच्या त्या पाहणीत एमएसच्या तीन रुग्णांमागे एनएमओचा जवळपास एक रुग्ण होता. गोऱ्या लोकांच्या देशांत एवढं प्रमाण नसतं. म्हणजे युरोपात सुरक्षित ठरलेलं औषध आपल्याकडे चुकीच्या रुग्णाला जाण्याचा धोका जास्त.

दुसरं. रिटुक्सिमॅब प्रतिकारशक्ती कमी करतं. शरीरात लपलेली हिपॅटायटिस बीची कावीळ त्याने उसळू शकते, म्हणून आधी ती तपासणी करायचीच असते. आपल्याकडे घराघरात टीबीचा इतिहास. अशा देशात किती मात्रा पुरेशी? दर सहा महिन्यांनी द्यावं की वर्षाने? निम्म्या डोसवर भागलं तर खर्चही निम्मा आणि जंतुसंसर्गाचा धोकाही कमी होईल. सहा महिने की बारा महिने, यावरही स्वीडननेच चाचणी हाती घेतली. हा प्रश्न कुठलीही कंपनी विचारणार नाही, कारण 'आमचं औषध निम्मं विका' हे सिद्ध करायला कोण पैसे घालेल?

तिसरं, ऊन. एमएसच्या रुग्णाला उष्णता सोसत नाही. शरीराचं तापमान थोडं वाढलं तरी उघड्या पडलेल्या नसांमधून संदेश नीट जात नाहीत, डोळ्यापुढे धूसर होतं, पाय गळून जातात. उथोफ नावाच्या जर्मन डॉक्टरने १८९० साली हे नोंदवलं होतं. गार झालं की पूर्ववत होतं, पण तोवर? सोलापूरच्या मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे असतो आणि दुपारी लाईट गेली की ताई ओला टॉवेल डोक्यावर घेऊन पडून असते. अंग गार ठेवणाऱ्या जॅकेटवर अमेरिकेत चाचणी झालेली आहे. मातीचं घर, पत्र्याचं घर, कूलर, ओला पंचा यातलं काय किती उपयोगी, यावर चाचणी कुठे व्हावी? स्टॉकहोमला?

आणि गंमत म्हणजे भारतीय रुग्ण जागतिक चाचण्यांमध्ये नसतात असं नाही. असतात! डॅक्लिझुमॅब या औषधाच्या 'सिलेक्ट' चाचणीत भारतातली केंद्रं होती. ते औषध २०१६ साली अमेरिका-युरोपात मान्य झालं आणि मेंदूला सूज येण्याचे गंभीर प्रकार आढळल्यावर मार्च २०१८ मध्ये जगभरातून मागे घेतलं गेलं. म्हणजे आमचे रुग्ण धोका पत्करतातच. फक्त प्रश्न दुसऱ्याचा असतो.

आता त्या भीतीकडे येतो. २०१० च्या सुमारास खम्मम आणि वडोदरा इथल्या शाळकरी मुलींवरच्या एचपीव्ही लशीच्या अभ्यासात संमती कशी घेतली गेली यावरून देशभर गदारोळ झाला, संसदेच्या समितीने ताशेरे मारले. पालकांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या! अशा बातम्या वाचल्यावर 'आम्ही काय उंदीर आहोत' असं कोणी म्हणालं तर त्याला अडाणी म्हणायचा मला अधिकार नाही. चाचणीत धोका असतो. नॅटॅलिझुमॅब हे एमएसचं प्रभावी औषध २००४ साली आलं आणि मेंदूच्या जीवघेण्या संसर्गामुळे तीन महिन्यांत मागे घ्यावं लागलं. पुढे कडक देखरेखीसह २००६ साली परत आलं.

पण त्या गदारोळातून काही चांगलंही निघालं. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने संमती देताना व्हिडिओ रेकॉर्डिंग करायला सांगितलं. २०१९ चे नवे नियम आले. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई. प्रत्येक चाचणीवर नीतिसमितीची देखरेख. २००९ पासून प्रत्येक चाचणीची सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत आगाऊ नोंद सक्तीची आहे, आणि ती नोंदवही कोणालाही घरबसल्या फुकट बघता येते. नियम कागदावर आहेत आणि ते पाळले जातात का हे बघणारे डोळे हवेत, हे मान्य. पण उंदराला सही करायला सांगत नाहीत, आणि मध्येच 'नको' म्हणून उठून जायचा हक्क देत नाहीत. रुग्णाला तो आहे.

खरा उंदीर कोण होतो सांगू? ताईला गेल्या वर्षी एका क्लिनिकने स्टेम सेलचं पॅकेज सांगितलं. चार लाख रुपये, वर 'नव्वद टक्के रिझल्ट'. कुठलाही गट नाही, मोजमाप नाही, नोंद नाही. आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की रक्ताच्या ठराविक आजारांसारखे मोजके मान्य उपयोग सोडले तर स्टेम सेल म्हणजे संशोधन, आणि ते फक्त चाचणी म्हणूनच करता येतं. तरी पॅकेज विकलं जातंच. हासुद्धा प्रयोगच की! फक्त पैसे रुग्णाचे, धोका रुग्णाचा, आणि शेवटी ज्ञान कोणालाच नाही. दाजी जमीन विकायला निघाले होते. त्यांना एवढंच विचारायला सांगितलं की "सीटीआरआयचा नोंदणी क्रमांक द्या, आणि हा जर प्रयोग असेल तर पैसे आमच्याकडून का?" समोरून फोन कट झाला.

तर मंडळी, मला काय हवंय?

स्वस्त आणि जुन्या औषधांच्या चाचण्या सरकारी पैशाने, सरकारी मेडिकल कॉलेजांमधून व्हाव्यात. यात अशक्य काही नाही. फ्रान्समध्ये एमएसच्या अगदी सुरुवातीच्या रुग्णांना दर पंधरा दिवसांनी एक लाख युनिट व्हिटॅमिन डी देऊन पाहिलं. २०२५ साली निकाल आला : दोन वर्षांत आजाराची हालचाल दिसलेले रुग्ण ७४ टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर आले. आधीच्या काही चाचण्यांत, दुसऱ्या औषधाच्या जोडीला डी दिल्यावर फायदा दिसला नव्हता, त्यामुळे लगेच मेडिकलकडे धावू नका (आणि एवढा डोस मनाने तर अजिबात घेऊ नका). पण प्रश्न किती आपला आहे बघा! औषध स्वस्त, आणि एवढं ऊन असूनही डी कमी असणारे लोक आपल्याकडे ढिगाने.

भारतात २०२१ पासून एम्स आणि आयसीएमआर यांच्या पुढाकाराने एमएस आणि त्याच्या भावंड-आजारांची राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली आहे. पाया घातला गेलाय. त्यावर चाचण्या उभ्या राहिल्या पाहिजेत, आणि त्या दिल्ली-मुंबईपुरत्या नकोत. ताईला डॉक्टरांना दाखवायला अडीचशे किलोमीटरवर पुण्याला यावं लागतं. पहाटेची गाडी, आधाराला एक माणूस, दाजींचा एक दिवसाचा पगार बुडाला. अशा माणसाला दर महिन्याला तपासणीला बोलावलं तर ती चाचणी अर्ध्यात सोडेल, आणि मग निष्कर्षात फक्त शहरातले पैसेवाले उरतील. नियमाप्रमाणे चाचणीच्या जागी स्वतःची नीतिसमिती नसेल तर पन्नास किलोमीटरच्या आतली दुसरी चालते. होटगी सोलापूरपासून पंधरा किलोमीटर. सोलापुरात सरकारी मेडिकल कॉलेज आहे, सिव्हिल हॉस्पिटल आहे. याच सोलापूरचा द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला जाऊन जखमी सैनिकांवर उपचार करू शकला, तर पुण्याची चाचणी सोलापूरला यायला एवढी काय अडचण आहे?

आणि आपण, एसी ऑफिसात बसणारे? आपण तीन गोष्टी नक्की करू शकतो. कुटुंबात कोणालाही असा आजार निघाला तर चमत्काराच्या फॉरवर्डला 'तुलनेचा गट कुठे आहे?' एवढंच उत्तर द्यायचं. कोणी चाचणीबद्दल विचारलं तर 'नको रे बाबा' म्हणण्याआधी सीटीआरआयवर ती शोधायची, पैसे कोणाचे आहेत ते बघायचं, इजा झाली तर जबाबदारी कोणाची ते कागदावर वाचायचं, आणि मग ठरवायचं. तिसरं, एमएस हा २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात समाविष्ट आहे, हे रुग्णाच्या घरी सांगायचं. १९९५ च्या जुन्या कायद्यात तो नव्हता. प्रमाणपत्र काढा म्हणावं. मुंबईत १९८५ साली सुरू झालेल्या मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडियाची पुण्यातही शाखा आहे. तिथे हीच वाट आधी चाललेली माणसं भेटतात.

ताईला मी हे सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "माझ्यावर कोणी प्रयोग करणार असतील तर करू देत की. नाहीतरी मी रोज स्वतःवर करतेच आहे. फक्त माझा लिहून कोण ठेवतंय?"

या प्रश्नाचं उत्तर स्वीडनने देऊन चालणार नाही.